टोक

बाहेर मे. अशोक चौकात डांबर चपलेला धरून ठेवतंय.
तळघरात एसी अठरावर, माणसांसाठी नाही, यंत्रासाठी.
यंत्र पुण्याहून आलंय, तीन महिन्यांच्या बोलीवर.
इरय्या चिप्पा, वय चौसष्ट,
छातीपर्यंत घरचीच चादर ओढून पडलेत,
काठावरचा मोर धुऊन धुऊन कोंबडा झालेला.

मी कानाशी ओरडते, "सांगेन तेव्हा श्वास धरायचा!"
ते हसतात. ऐकू आलेलं नाही.
अडतीस वर्षं सहा मागांच्या मधे उभं राहून
कान त्यांनी कारखान्यातच ठेवले.
रजिता, त्यांची सून, डोळ्यांपुढं हात नेऊन दाखवते:
मूठ मिटली, श्वास बंद. उघडली, सोडा.
बिराजदार मॅडम म्हणतात, हेच ठेवू.

यकृतात गाठ, बोराएवढी.
तिथवर जायचं, कण आणायचा, परत यायचं.

पूर्वी पडदाभर राखच असायची.
आवाज आत जायचा, आपटून परत यायचा,
त्याची राख.
सुई जरा तिरकी शिरली की हरवायची.
दांडा दिसायचा, टोक नाही.
मग मॅडम सुई हलकेच हलवायच्या,
कुठलं मांस थरथरतंय ते बघायच्या,
तिथंच असणार, म्हणायच्या.
असणार.
या एका शब्दावर आम्ही किती पोटं टोचली.

आईला कमी दिसायला लागलं तेव्हा
शाळेच्या गणवेशांचा ढीग मांडीवर घेऊन
ती सुई खिडकीकडं धरायची.
"टोक सापडतंय गं, नेढं सापडंना."
बोटातनं रक्त आलं की टोक सापडलं, हा तिचा हिशोब.
दोरा मी ओवायचे, थुंकी लावून.

आता या सुईच्या पोटातून काचेचा दोरा ओवलाय,
केसाहून थोडा जाड.
दोऱ्यातून उजेड सोडायचा, सलग नाही,
ठिणगी ठिणगीनं, पापणी लवेस्तोवर शेकडो.
उजेड टोकातून सांडतो, रक्ताला लागतो.
रक्त तो पितं,
पिऊन कणभर तापतं, तापून कणभर फुगतं,
आणि फुगताना हुंकारतं.
तुमच्या-माझ्या कानाला न येणारा हुंकार.
प्रोब पोटावर कान लावून बसलेलाच असतो.

राखेत लाल ठिपका.
तेच टोक.

रजिता मूठ मिटते. पोट थांबतं.
मॅडम पुढं सरकतात, एक सेंटीमीटर, दीड,
आणि ठिपक्यापुढं एकदम लाल रेघ पेटते.
राखेत तिचा मागमूस नव्हता.
शीर. आडवी. सुईच्या थेट वाटेत.
मॅडमचा हात थांबतो.
कुणी बोलत नाही. एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
मूठ उघडते. श्वास. पुन्हा मिटते.
सुई अंशभर खाली कलते, रेघ वर राहून जाते.
बोराच्या आत खट्ट होतं.

काचेच्या बाटलीत शेवईएवढा तुकडा तरंगतो.
अहवाल पाच दिवसांनी.
उजेडाला एवढंच कळलं की वाट कुठून आहे.
गाठ कसली, ते त्याला विचारू नका.

इरय्या पडद्याकडं बोट करतात, ते लाल काय?
रजिता पावतीच्या मागं तेलुगूत लिहिते.
नीट लिहिलं का, मला वाचता येत नाही.
ते पावती लांब धरून वाचतात, पुन्हा वाचतात.
मग सगळ्या तळघराला ऐकू जाईल अशा आवाजात,
कारण त्यांना तोच एक आवाज माहीत आहे:
"म्हणजे माझ्या पोटात माग अजून चालू हाय!"

दोन तास हलायचं नाही, मी हातानं सांगते.
मान डोलावतात.
पडल्या पडल्या चादरीचा काठ चाचपतात,
सुटलेला एक धागा सापडतो,
न बघताच.